कर्नाळ्याच्या छायेतील मुलूख

मुंबईची कुटुंबे गणपतीस किंवा उन्हाळ्याच्या सुटीत कोकणात निघाली म्हणजे पनवेल सुटल्यावर थोड्याच वेळात डोंगरमाथ्यावर उभा असलेला एक सुळका दिसू लागतो. मुले बोटाने तो दाखवितात, वडील मंडळी ‘कर्नाळा’ एवढे नाव सांगतात, आणि लगेच पेणच्या मूर्तींच्या व पापडांच्या गोष्टी सुरू होतात. ह्या मुलुखाच्या वाट्यास आपल्याकडून येणारे लक्ष बहुधा इतकेच.

पनवेल शहरास लागून सिडकोने करंजाडे ही वसाहत वसविली आहे. तेथील उंच इमारतींच्या गच्चीवरून निरभ्र दिवशी दक्षिणेस कर्नाळ्याचा डोंगर दिसतो, आणि दुसऱ्या अंगास नव्या विमानतळावर उतरणारी विमाने दिसतात. येथे बिऱ्हाड करून राहिलेल्या पुष्कळ कुटुंबांस आपण कोणत्या मुलुखात येऊन वसलो ह्याची वार्ताही नसते. त्यांस दोष देण्यात अर्थ नाही. घरे इतक्या त्वरेने उठली, की शेजाऱ्याची ओळख करून देण्यास जुना शेजारीच उरला नाही. हा डोंगर आणि ती धावपट्टी ह्यांच्या मधल्या भूमीत कोणती वनचरे नांदतात, तिच्यावरून इतिहास कसा गेला, आणि कोणते लोक येथे पिढ्यान् पिढ्या राहत आले, ह्याचा परिचय करून देण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम रानाकडे वळू. कर्नाळ्याचे पक्षी अभयारण्य हे महाराष्ट्रातील अशा प्रकारचे पहिले. १९६८ साली ते स्थापन झाले, तेव्हा त्याचे क्षेत्र अवघे साडेचार चौरस किलोमीटर होते. पुढे ते वाढवून बारा चौरस किलोमीटरांच्या किंचित वर नेण्यात आले. एखाद्या मोठ्या गावाच्या शिवाराएवढी ही जागा, आणि तिच्या पोटातून मुंबई-गोव्याचा राजमार्ग गेलेला! तरीही पक्ष्यांच्या दीडशेहून अधिक जातींची नोंद येथे झालेली आहे. एका बाजूस सह्याद्रीचे उतार व दुसऱ्या बाजूस खाडीचा प्रदेश, ह्यांच्यामध्ये हे रान सापडल्यामुळे दोहींकडचे पाहुणे येथे उतरतात.

पावसाळ्यात पहाटेच्या अंधारात ओढ्याकाठी कोणी खोडकर मुलगा शीळ वाजवीत चालला आहे असे वाटले, तर तो शीळकरी कस्तूर समजावा. त्याच्या शिळेस ताल आहे, पण तान पुरी करण्याची त्यास घाई नसते. मध्येच सोडून तो पुन्हा पहिल्यापासून आरंभ करितो. दुसरा नकलाकार भृंगराज. काळा तुकतुकीत, शेपटीच्या दोन लांब काड्यांच्या टोकाशी पिसांच्या चकत्या, आणि गळा असा की रानातील अर्ध्या पाखरांचे आवाज त्यास येतात. स्वर्गीय नर्तकाचा पांढरा नर झाडाझाडांतून जाऊ लागला म्हणजे त्याच्या शेपटीच्या फिती वाऱ्यावर सोडल्यासारख्या मागून येतात.

परंतु कर्नाळ्याचा खरा मानाचा पाहुणा म्हणजे तिबोटी खंड्या. आकार चिमणीएवढा, पोट पिवळे, डोक्यावर जांभळट तांबूस छटा, पाठीवर निळाई, चोच व पाय प्रवाळासारखे लाल. इतर खंड्यांच्या पायास चार बोटे, ह्याच्या पायास तीनच, म्हणून हे नाव. मृगाच्या पावसाबरोबर तो येथे येतो. ओढ्याच्या किंवा पायवाटेच्या कडेच्या मातीच्या दरडीत नर-मादी मिळून आडवे बीळ कोरतात आणि त्याच्या टोकाशी चार-पाच अंडी घालतात. पिल्लांस भरविण्यासाठी सरडे, पाली, लहान बेडूक व खेकडे आणण्याची त्यांची जी धांदल चालते, ती पाहण्यासाठी लांबलांबून लोक छत्र्या घेऊन येतात. पाऊस ओसरला, पिल्ले उडाली, की हे रत्न दिसेनासे होते. दरड कोसळली किंवा कोणी वाट रुंद करण्यासाठी ती खणून काढली, तर त्या वर्षाचा संसार बुडाला.

चतुष्पादांत भेकर, रानडुक्कर व वानरे ही येथली जुनी वतनदार. खाडीकडच्या तिवरांच्या रानात मात्र निराळेच जग आहे. खारघर-पनवेलच्या काठच्या कांदळवनात अद्याप कोल्हे राहतात, आणि रात्री त्यांची कोल्हेकुई इमारतींच्या खिडक्यांपर्यंत पोचते. पंचतंत्रात भेटलेला हा प्राणी आपल्या घरापासून हाकेच्या अंतरावर नांदतो, हे ऐकून मुलांस फार नवल वाटते.

आता किल्ल्याविषयी. सुळका म्हणजे काळ्या पाषाणाचा सव्वाशे फूट उंचीचा उभा खांब. त्याच्या पायथ्याशी खोदलेली पाण्याची टाकी आहेत व कड्यांस मधमाश्यांची पोळी लोंबतात. इंग्रज त्यास त्याच्या आकारावरून फनेल हिल म्हणत. बोरघाटाने येणारा माल पनवेलच्या बंदरात उतरे, त्या मार्गावर नजर ठेवण्यास ही जागा उत्तम, म्हणून जो राज्यकर्ता आला त्याने ती घेतली. निजामशाही, गुजरातचे सुलतान, पोर्तुगीज ह्यांच्या हातून जात येत तो शिवछत्रपतींकडे आला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांस दिलेल्या तेवीस किल्ल्यांत कर्नाळा होता, आणि १६७० साली महाराजांनी तो परत घेतला. पुढे पेशवाई, व १८१८ साली कर्नल प्रॉथरच्या हाती तो पडला. इतिहासाची पुस्तके येथे थांबतात. परंतु ह्या किल्ल्याची गोष्ट शेजारच्या शिरढोण गावात पुढे चालू राहिली.

१८१८ साली किल्ला पडला त्या वेळी त्याचे रक्षण शिरढोणच्या अनंतराव फडक्यांकडे होते. त्यांचे नातू वासुदेव बळवंत ह्यांचा जन्म शिरढोणास ४ नोव्हेंबर १८४५ रोजी झाला. पुण्यात लष्करी हिशेबखात्यात कारकुनी करणारे, वामन प्रभाकर भावे व लक्ष्मण नरहर इंदापुरकर ह्यांच्यासह शाळा काढणारे हे गृहस्थ १८७६-७७ च्या दुष्काळात देश पाहून आले आणि बदलून गेले. पांढरपेशा समाजातून साथ मिळेना, तेव्हा त्यांनी रामोशी, कोळी, धनगर ह्यांस जवळ केले. फेब्रुवारी १८७९ मध्ये धामारीवर पहिला छापा पडला. जुलैत ते देवरनावडगी येथे पकडले गेले. आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. आपल्या घरांतून त्यांची तसबीर असते, जयंतीस हारही पडतो. त्यांच्याबरोबर रानात उपाशी हिंडलेल्या रामोशांची व कोळ्यांची नावे मात्र आपल्यापैकी किती जणांस सांगता येतील?

जवळजवळ ह्याच वर्षांत पृथ्वीच्या दुसऱ्या अर्ध्यात असाच एक शिकलेला मनुष्य रानच्या लोकांच्या बाजूने उभा राहिला होता. त्याची हकीकत येथे सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही, कारण तिच्या उजेडात आपल्या मुलुखातील एक गोष्ट अधिक स्पष्ट दिसते.

कॅनडात सस्कॅचेवान नावाचा गवताळ मैदानांचा प्रांत आहे. विस्तार महाराष्ट्राच्या दुपटीहून अधिक, आणि वस्ती २०२१ च्या जनगणनेत सव्वाअकरा लाखांच्या किंचित वर. आपल्या एकट्या पनवेल तालुक्याची वस्ती २०११ च्या जनगणनेत साडेसात लाखांच्या घरात होती, ह्यावरून तेथील विरळपणाची कल्पना यावी. त्या मैदानांत पूर्वी बायसन नावाच्या रानगव्यासारख्या प्रचंड पशूंचे कळप चरत. क्री आदी मूळ रहिवाशांचे अन्न, वस्त्र, तंबू, दोर, सुया ही सर्व त्या एका पशूपासून येत. कातड्यांच्या व्यापारासाठी त्याची अशी कत्तल झाली, की १८८० च्या सुमारास कॅनडाच्या मैदानांतून तो नाहीसा झाला. प्रांताची आजची राजधानी रेजायना. तिचे पूर्वीचे नाव ‘हाडांची रास’ अशा अर्थाचे होते, कारण तेथे बायसनची हाडे रचून ठेवलेली असत. पशू संपला तसे त्याच्यावर जगणारे लोक उपासमारीस लागले. १८७६ च्या करारात दुष्काळ पडल्यास मदत करण्याचे वचन सरकारने त्यांस दिले होते. त्याच वर्षी आपल्या दख्खनवरही दुष्काळ उतरला होता, हा योगायोगच.

फ्रेंच व्यापारी व स्थानिक स्त्रिया ह्यांच्या संततीतून झालेल्या मेटी नावाच्या लोकांचा पुढारी लुई रिएल हा वासुदेव बळवंतांहून एक वर्षाने मोठा. १८८४ साली तो मोंटाना येथे शाळामास्तर होता; मेटी लोक तेथे जाऊन त्यास घेऊन आले. जमिनींचे हक्क लिहून द्यावेत एवढीच त्यांची प्रथम मागणी होती. अर्ज फुकट गेले, बंड उठले, मे १८८५ मध्ये बटोश येथे ते मोडले, आणि १६ नोव्हेंबर १८८५ रोजी रेजायना येथे रिएलला फाशी देण्यात आले. आज त्याच्या नावे मॅनिटोबा प्रांतात दर फेब्रुवारीत सुटी असते. बायसनचे कळपही २००५ साली दक्षिण सस्कॅचेवानमधील राष्ट्रीय उद्यानात पुन्हा आणून सोडले आहेत. प्रांतातील दर सहा माणसांमागे साधारण एक मूळ रहिवाशांपैकी आहे, आणि जमिनीच्या वचनांचा हिशेब अद्याप चालूच आहे.

पशू गेला आणि त्याच्यावर जगणारे लोक मागे राहिले, ही तेथली गोष्ट. आपल्याकडे पशूच्या जागी एक झाड आहे.

पनवेलच्या मुलुखातील लोक म्हणजे एक जात किंवा एक धर्म नव्हे. सपाटीवर व खाडीकाठी आगरी. समुद्राच्या भरतीस बांध घालून खारी जमीन गोडी करावी, भात काढावे, मिठागरे चालवावीत, हे त्यांचे पिढीजात कसब. पाण्यावर कोळी. पनवेल गावात ब्राह्मण, मराठे व कोकणी मुसलमान ह्यांच्या आळ्या. आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटले गेलेले बेने इस्राएल, ज्यांचे १८४९ सालचे प्रार्थनामंदिर पनवेलीत उभे आहे. माथेरानच्या उतारावर धोदाणीसारख्या वाड्यांतून ठाकूर राहतात. आणि ह्या सर्वांच्या कडेकडेने, गावाच्या शेवटच्या घरापलीकडे, कातकरी.

कातकरी हे नावच काथावरून आले. आपल्या घरी पूजेनंतर विडा होतो, त्यातील काथ खैराच्या झाडापासून निघतो. खैर तोडून, वरचे पांढरे लाकूड काढून टाकून, आतल्या तांबड्या गाभ्याच्या ढलप्या मडक्यांत उकळावयाच्या, तो रस आटवून दाट करावयाचा व वाळवून त्याच्या वड्या पाडावयाच्या, असे ते काम. चव चाखून व रंग पाहून पाक उतरविण्याची वेळ ठरवावी लागे. ह्या कामावर सबंध जमातीचे नाव पडले, एवढे ते त्यांच्या अंगी मुरलेले होते.

पुढे १८७८ च्या कायद्याने जंगले राखीव झाली आणि खैरास कुऱ्हाड लावणे हा गुन्हा ठरला. रान मुंबईच्या चुलींस कोळसा व सरपण पुरवू लागले; कातकरी काथाच्या चुलीवरून कोळशाच्या भट्टीवर मजूर म्हणून गेले. विसाव्या शतकात कोळसाही संपला, तेव्हा ते विटांच्या भट्टीवर गेले. पावसाळ्यात हाताशी काम नसते, तेव्हा भट्टीवाल्याकडून उचल घ्यावयाची. दिवाळीनंतर बायकामुलांसह भट्टीवर जावयाचे. आणि पावसाच्या तोंडावर, उचल फिटली असो वा नसो, वाडीस परत यावयाचे. मुलांची शाळा ह्या फेऱ्यात कोठे बसते, हे वाचकांनीच ठरवावे. नव्या वसाहतींच्या भिंतींत ज्या विटा आहेत, त्यांतील किती अशा हातांनी थापल्या असतील, हा विचार त्या भिंतींच्या आत बसून करण्यासारखा आहे.

महाराष्ट्रात कातकरी, कोलाम व माडिया गोंड ह्या तीन जमाती सर्वांत असुरक्षित म्हणून सरकारने गणल्या आहेत. त्यांपैकी कातकऱ्यांची संख्या २०११ साली पावणेतीन लाखांच्या वर होती. रायगड जिल्ह्यात त्यांस डोंगरउतारावरच्या काही जमिनी ‘दळी’ म्हणून कसावयास मिळाल्या होत्या. दळी एका नाईकाच्या नावे असे व अनेक कुटुंबे तीत नाचणी-वरी पिकवीत. मालकी मात्र जंगल खात्याचीच. २००६ च्या वनहक्क कायद्याने ह्या कसणाऱ्यांस हक्क मागण्याची वाट उघडली. परंतु हक्क मागावयाचा तर कागद हवा, आणि ज्यांच्या आजोबांची नोंदच कोणी केली नाही त्यांनी कागद आणावा कोठून?

कातकरी नेहमीच मुकाट राहिले, असे मात्र कोणी समजू नये. पनवेलच्या दक्षिणेस, आज उरण तालुक्यात असलेल्या चिरनेर गावी २५ सप्टेंबर १९३० रोजी अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रह झाला. आगरी, कोळी, कातकरी सर्व कोयते घेऊन जमले होते. रानातील झाडावर आपला हक्क आहे, एवढेच त्यांस सांगावयाचे होते. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. आठ सत्याग्रही पडले, आणि पनवेलचे मामलेदार जोशी हेही त्या गोळीबारात ठार झाले. सत्याग्रह्यांपैकी एक नाग्या महादू कातकरी. शिरढोणचे क्रांतिकारक ज्यांच्या शोधात रानात शिरले होते, ते लोक पन्नास वर्षांनी स्वतःहून डोंगर चढून आले होते. तेथे आज हुतात्म्यांचे स्मारक आहे. लहान मुलांस कर्नाळा दाखवावयास नेणाऱ्यांनी चिरनेरही अवश्य दाखवावे.

स्वराज्यानंतरची हकीकत आगऱ्यांच्या तोंडून अधिक ऐकू येते, कारण जमीन त्यांची गेली. १९७० साली सिडको स्थापन झाली व ठाणे आणि तत्कालीन कुलाबा जिल्ह्यांतील पंचाण्णव गावांची जमीन नव्या शहरासाठी घेण्यात आली. भातखाचरे व मिठागरे ह्यांचा मिळालेला मोबदला तुटपुंजा होता. जासईचे दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले. जानेवारी १९८४ मध्ये गोळीबारात पाच जण बळी पडले. आणि त्या आंदोलनातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व जन्मास आले. हे तत्त्व ह्या मुलुखाने देशास दिले, असे म्हणण्यास हरकत नाही. मात्र साडेबारा टक्के कोणास? ज्याच्या नावे सातबारा होता त्यास. ज्याचे नाव सातबाऱ्यावर कधी चढलेच नाही, त्याच्या शून्याचे साडेबारा टक्के शून्यच.

विमानतळाची गोष्ट ताजी आहे. सुमारे साडेअकराशे हेक्टर जागा, मध्ये नव्वद मीटरांवर उंचीची उलव्याची टेकडी. ती सुरुंगांनी सपाट करण्यात आली व उलवे नदीचा प्रवाह वळविण्यात आला. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर, कोंबडभुजे अशी दहा गावे उठली आणि पुष्पकनगर, वडघर, करंजाडे ह्या भागांत त्यांस नवी जागा मिळाली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले, आणि त्या वर्षीच्या २५ डिसेंबरपासून विमाने जाऊ-येऊ लागली. करंजाड्यात आपल्या पलीकडच्या इमारतीत राहणारी वृद्ध बाई एखादे वेळी खाडी नसलेल्या दिशेकडे पाहत बसलेली दिसली, तर तिच्या गावाचे नाव विचारून पाहावे; ती आनंदाने सांगेल, आणि तेथली चिंच कोठे होती हेही सांगेल.

मृग लागला म्हणजे पनवेलच्या बाजारात ठाकरणी व कातकरणी फुटपाथवर शेवळे, काकडे, कंटोळी, भारंगी घेऊन बसतात. शेवळ्यांची खाज काकड्यांनी मारावयाची, हे आपल्या आज्यांस ठाऊक होते. नव्या सुनांस विकणारीच सांगते. ह्याच दिवसांत कच्च्या विटा भिजू नयेत म्हणून भट्ट्या बंद होतात व कुटुंबे आपापल्या वाड्यांस परततात. आणि ह्याच दिवसांत कर्नाळ्याच्या दरडीत तिबोटी खंड्या बीळ कोरू लागतो. त्याचे बीळ अभयारण्यात असल्यामुळे त्यास हात लावण्याची कोणाची छाती नाही, आणि ते योग्यच आहे. कातकऱ्यांसारख्या जमातींस पक्की घरे, पाणी व रस्ते देण्याची केंद्र सरकारची योजना १५ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झाली. घरासाठी पैसा मिळतो. परंतु तो मिळण्यापूर्वी घराखालची जागा आपली असल्याचा उतारा दाखवावा लागतो, आणि रायगड जिल्ह्यातील अनेक कातकरी वाड्यांचा उतारा अद्याप दुसऱ्याच कोणाच्या नावे आहे.